परक्या गांवांतील दिनक्रम

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत भूगोलाचा तास चालू असतां उष्ण कटिबंधांतील खेड्यांचा विषय निघाला. ओघांत आम्हीं असें सांगितलें कीं, दूरदूरच्या देशांतून तरुण स्त्री-पुरुष अशा खेड्यांत जाऊन दोन-दोन वर्षें राहतात व पगार न घेतां लोकांची सेवा करतात. तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, पण तीं माणसें तेथें दिवसभर करतात तरी काय?" वर्गांत हंशा पिकला. प्रश्न मात्र हंसण्यासारखा नव्हता. 'सेवा करतात' एवढें म्हणून आम्हीं आपली सुटका करून घेतली होती, हें आमच्या ध्यानांत आलें. त्या दिवशीं आम्हीं त्याला दोन वाक्यांत कांहीं तरी उत्तर दिलें. पुरतें उत्तर देण्याचा यत्न या लेखांत करीत आहों.

अशा स्वयंसेवकांच्या ज्या संस्था आहेत त्यांपैकीं विशेष परिचित म्हणजे अमेरिकेची 'पीस कोअर' ही होय. १ मार्च १९६१ रोजीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या आज्ञेनें ती स्थापन झाली, आणि त्याच वर्षीं ३० ऑगस्टला तिची एक पहिली तुकडी पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाच्या राजधानींत, अक्रा येथें, विमानांतून उतरली. या तुकडींतील मंडळी शिक्षक म्हणून आलीं होतीं. उतरल्याबरोबर त्यांनीं तेथील ट्वी भाषेंत एक गीत म्हणून दाखविलें; पाठ तयार केल्यावांचून वर्गांत पाऊल टाकावयाचें नाहीं, हा आमच्या धंद्याचा धर्म त्यांनीं विमानतळावरही पाळला म्हणावयाचा! संस्थेचे नियम साधे आहेत. ज्या देशानें बोलाविलें त्याच देशांत जावयाचें. सुमारें तीन महिने तेथील भाषा व रीतिभाती शिकावयाच्या. मग दोन वर्षें काम करावयाचें. पगार नाहीं, तेथील माणसांसारखें राहतां येईल इतकाच निर्वाहखर्च मिळतो.

आपल्या देशांतही हे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत येत असत. मुंबईजवळ विक्रोळी येथें १९६६ सालीं जी एक स्वयंसेविका आली तिचें वय तेव्हां ६८ वर्षांचें होतें. त्या बाईंचें नांव लिलियन कार्टर. धंद्यानें त्या परिचारिका होत्या व येथील कामगारवस्तीच्या दवाखान्यांत त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर हे १९७७ सालीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि तें पद सोडल्यानंतर १९८६ पासून त्यांच्या संस्थेनें एका रोगाच्या निर्मूलनाचें काम अंगावर घेतलें. तो रोग आपल्याकडील जुन्या माणसांना चांगलाच ठाऊक आहे. तो म्हणजे नारू. घानाच्या उत्तर भागांत या रोगाचा कहर होता, आणि तो हटविण्याच्या कामीं तेथील खेड्यांतून पीस कोअरच्या स्वयंसेवकांचाही हात लागला. म्हणून त्याच भागांतील एका खेड्यांतला, सुमारें पंचवीस-तीस वर्षांपूर्वींचा दिवस आपण पाहूं. हा दिवस कोणा एकाचा नव्हे. अशा मंडळींच्या जीवनक्रमांत जें वारंवार घडे तेंच येथें एकत्र केलें आहे.

अक्रापासून सुमारें ६०० किलोमीटर उत्तरेस तामाले नांवाचें शहर आहे. त्याच्या भोंवतालीं डागोंबा लोकांची वस्ती आहे व त्यांची भाषा डागबानी. उष्ण कटिबंध म्हटला कीं आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें घनदाट अरण्य उभें राहतें. त्याला आमचीं पाठ्यपुस्तकेंच जबाबदार आहेत. येथें अरण्य नाहीं. उघडें माळरान, मधून-मधून शिआचीं व गोरखचिंचेचीं झाडें, आणि वर्षांतून एकदांच पडणारा पाऊस, तोही मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान. पुढें सहाऱ्याकडून कोरडा वारा सुटतो. त्याला हरमाटान म्हणतात. त्याच्या धुळीनें सूर्य फिकट दिसतो, ओंठ फुटतात, पहांटे कुडकुडायला होतें. आणि मार्च महिना लागला कीं ऊन असें तापतें कीं आमच्या खानदेशच्या माणसालाही तें ओळखीचें वाटावें. घरें मातीचीं, वाटोळीं, गवतानें शाकारलेलीं. अशीं पांच-सात घरें एका कुडानें जोडून मध्यें अंगण सोडलेलें असतें, आणि त्या अंगणांत एक कुटुंब आपल्या शाखा-उपशाखांसह नांदतें. स्वयंसेवकाला राहावयास अशाच एका अंगणांतील एक खोली मिळे. मच्छरदाणी, कंदील, पाण्याचा माठ, एक सायकल व पुस्तकांची पेटी, एवढा त्याचा संसार.

दिवस उजाडण्यापूर्वींच सुरू होई. प्रथम कानीं येई तो अंगण झाडण्याचा आवाज. मग मशिदींतील बांग, कारण डागोंबा लोक बहुतेक मुसलमान आहेत. बाहेर आल्यावर पहिलें काम नमस्कार-चमत्काराचें. आणि हें काम लहानसहान नव्हे! सकाळीं 'देसिबा' म्हणावयाचें. समोरचा 'ना' म्हणतो. मग रात्र कशी गेली, घरचीं माणसें कशीं आहेत, मुलें कशीं आहेत, काम कसें चाललें आहे, एकामागून एक प्रश्न, आणि प्रत्येकाला उत्तर तेंच, 'ना'. वडील माणसापुढें उकिडवें बसून हें सारें करावयाचें. घरापासून गांवच्या टोंकापर्यंत जावयास पांच मिनिटें पुरावीं, पण नमस्कार करीत गेल्यास पाऊण तास लागे. नवख्या स्वयंसेवकाला प्रथम हा कालापव्यय वाटे. त्याच्या हातीं वही असे, वहींत त्या दिवसाच्या कामांची यादी असे, आणि पहिलें काम सुरू होण्यापूर्वींच ऊन वर येई. एखाद्या दिवशीं तो घाईनें, नुसता हात हालवून पुढें जाई. आणि दुपारीं ज्या घरीं जावें तेथें कोणीच घरांत नसे! माणसें घरांतच असत, हें त्याला पुढें कळे. ज्यानें सकाळीं विचारपूस केली नाहीं त्याच्याशीं दुपारीं बोलण्यासारखें काय असणार?

पाण्याची गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण सारा विषय तिच्याभोंवतीं फिरतो. गांवाबाहेर खणलेलें एक मातीच्या बांधाचें तळें असे. पावसाचें पाणी त्यांत सांठे, तेंच गुरांना, तेंच माणसांना. पहांटे बायका व मुली डोक्यावर मोठालीं पातेलीं घेऊन रांगेनें तळ्याकडे जात. भरलेलें पातेलें वीस लिटरांच्याही वर; तें घेऊन मैल-मैल चालत येत, आणि वाटेंत बोलणें-हंसणें चालूच. स्वयंसेवक पुरुष असला आणि स्वतः पाणी आणावयास निघाला, तर सारा गांव पाहावयास लोटे. डोक्यावरून निम्में पाणी त्याच्या अंगावर सांडे, आणि उरलेलें निम्में घेऊन तो घरीं पोंचे तों त्याच्या माठांत कोणा पोरीनें आधींच पाणी भरून ठेवलेलें असे. आपण मदत करावयास आलों, आणि आपल्या पिण्याचें पाणी सुद्धां दहा वर्षांची मुलगी आणते, ही गोष्ट पहिल्या महिन्यांत फार सलत असावी. पैसे देऊं केल्यास घरचीं मोठीं माणसें रागावत. पाहुण्याला पाणी पाजल्याचे पैसे घेतात काय?

आतां नारूविषयीं. साचलेल्या पाण्यांत सायक्लॉप्स नांवाचे अतिसूक्ष्म जीव असतात. डोळ्यांना ते जेमतेम ठिपक्यासारखे दिसतात. त्यांच्या पोटांत नारूचे जंतु असतात. पाण्याबरोबर ते माणसाच्या पोटांत गेले म्हणजे लागलीच कांहीं होत नाहीं. सुमारें वर्षभर माणूस धडधाकट असतो. मग एके दिवशीं बहुधा पायावर फोड येतो, भयंकर आग होते, आणि त्या फोडांतून सुतासारखा पांढरा कृमि डोकें काढतो. त्याची लांबी कित्येकदां मीटरभर असते. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यांत बुडवितो, आणि बुडविल्याबरोबर ती मादी आपलीं लक्षावधि पिलें त्या पाण्यांत सोडते. झालें, चक्र पुरें झालें. या रोगावर औषध नाहीं, लसही नाहीं. कृमि काडीला गुंडाळून रोज थोडथोडा ओढावयाचा, तुटूं द्यावयाचा नाहीं. यांत आठवडेच्या आठवडे जातात. आपल्याकडेही पायऱ्यांच्या विहिरींच्या गांवीं हेंच चालत असे, आणि काडीही तीच!

उपाय मात्र सोपा होता: पाणी बारीक विणीच्या फडक्यानें गाळून प्यावयाचें, आणि ज्याला नारू झाला आहे त्यानें तळ्यांत पाय घालावयाचा नाहीं. इतकें सोपें असतां तें दोन दिवसांत कां होऊं नये, असें विद्यार्थ्यांस वाटेल. स्वयंसेवकालाही तसेंच वाटे. पण लोकांचा विचार करा. आज प्यालेल्या पाण्याचें फळ पुढल्या वर्षीं मिळतें. मग पाण्याला दोष कोण देईल? नारू हा रक्तांतूनच उपजतो, बापजाद्यांपासून तो आहेच, अशी समजूत अनेक गांवीं होती. आणि ज्या तळ्यानें पिढ्यान्‌पिढ्या जगविलें त्या तळ्याला एक कालचा आलेला 'सिलिमिंगा', म्हणजे गोरा माणूस, नांवें ठेवतो, हें कोणाला रुचेल? आपल्या घरच्या विहिरीविषयीं कोणी असें बोलला तर आपण त्याला चहा पाजूं काय?

म्हणून आधीं मुखियाकडे जावें लागे. तो कातड्यांच्या आसनावर बसतो. तेथें राजाच्या 'गादी'ला 'कातडें' असेंच म्हणतात. जोडे बाहेर काढून, खालीं बसून, कोला नांवाच्या तुरट बियांची भेट पुढें ठेवावयाची. आपल्याकडे पानसुपारीचा जो मान तोच तेथें कोलाचा. मग बोलणें. पहिल्या भेटींत नारूचें नांवही निघत नसे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटींत मुखियाच विचारी, 'तूं येथें कशाला आला आहेस?' तळ्यावर राखणदार बसवावयाचा असला, तळ्यांत सायक्लॉप्स मारणारें औषध टाकावयाचें असलें, तर त्याच्या शब्दावांचून कांहीं होत नसे. आणि त्याचा शब्द मिळाल्यावर स्वयंसेवकाच्या शब्दाची फारशी गरजही उरत नसे.

नंतरचा दिवस घरोघर जाण्याचा. एका घरीं माठाच्या तोंडावर फडकें बांधलेलें आहे; तें उन्हाकडे धरून पाहावयाचें, भोंक असेल तर बदलून द्यावयाचें. दुसऱ्या घरीं फडकें आहे, परंतु तें इतकें सुरेख कीं पोरीनें डोक्याला गुंडाळलें आहे! तिसऱ्या घरीं काचेच्या बरणींत तळ्याचें पाणी घेऊन उजेडाकडे धरावयाचें आणि त्यांत नाचणारे पांढरे ठिपके दाखवावयाचे. हा प्रयोग कधीं फुकट जात नसे. आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनीं हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. म्हातारी बाई बरणी हातांत घेई, बराच वेळ निरखी, शेजारणीला हांक मारी. तेथून पुढें स्वयंसेवकाला बोलावें लागत नसे. शेतावर जाणाऱ्या माणसांसाठीं गळ्यांत अडकविण्याची जाळी लावलेली नळी असे, तिनें ओढून पाणी पितां येई. नोंदवहींत लिहावयाचें: अमुक घर, अमुक फडकें, नवा रोगी नाहीं. रोगी असला तर मात्र काम थांबे. जखम धुणें, काडीला वेढा देणें, पट्टी बांधणें. पावसाळ्याच्या तोंडीं ज्याला नारू निघाला त्याचा तो हंगाम बुडाला असेंच समजावयाचें.

दुपारीं ऊन असह्य झालें कीं सारा गांव झाडाखालीं पडून राही. जेवण सूर्यास्ताच्या सुमारास. मक्याचें किंवा बाजरीचें पीठ उकळत्या पाण्यांत लांकडी उलथ्यानें घोटून घट्ट गोळा करतात, त्याला सारे लोक 'टी-झेड' म्हणतात. बरोबर भेंडीची नाहीं तर पाल्याची बुळबुळीत आमटी. एका थाळ्याभोंवतीं सारे बसतात व उजव्या हातानें जेवतात. डावा हात पुढें केला तर मुलें सुद्धां दचकतात. आपल्या विद्यार्थ्यांस यांत नवल वाटणार नाहीं, पण अमेरिकेंतून आलेल्या डावखोऱ्या तरुणाची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी. सहा दिवसांनीं बाजार भरे. त्या दिवशीं कामाची वही घरींच राही. सुरणासारखे मोठाले कंद, शिआचें लोणी, सुकी मासळी, कापड, सायकलीचे सुटे भाग, आणि आसपासच्या दहा गांवच्या बातम्या, हें सारें तेथें मिळे. कोणत्या गांवीं कोणाला नारू निघाला, हें सरकारी कागदापेक्षां बाजारांत लौकर कळे.

रात्री कठीण असत. कंदिलाच्या उजेडांत पत्रें लिहावयाचीं, किडे झाडावयाचे. कधीं हिंवताप गांठे. गोळ्या घेऊनही तो यावयाचा राहत नसे. मग जो दुसऱ्यांचीं दुखणीं पाहावयास आला तो चटईवर थडथडत पडे, आणि शेजारची म्हातारी उशाशीं बसून राही. पाणी तीच पाजी. तें गाळलेलें आहे कीं नाहीं, हें विचारण्याचें त्राण त्याला नसे. आणि डोळे उघडून पाहावें तों माठावर फडकें बांधलेलें असे.

या सगळ्यांत एक धोका आहे, आणि त्याचें प्रसिद्ध उदाहरण संस्थेच्या पहिल्याच वर्षीं घडलें. १९६१ च्या ऑक्टोबरांत घानाच्या जवळच्या नायजेरिया देशांत, इबादान येथील विद्यापीठांत, नुकत्याच आलेल्या एका स्वयंसेविकेनें स्वदेशीं एका स्नेह्याला कार्ड लिहिलें. तेथील लोक किती ओंगळ व मागासलेल्या स्थितींत राहतात, याचें त्यांत वर्णन होतें. कार्ड टपालांत पडण्यापूर्वींच हातांतून गळलें, विद्यार्थ्यांना सांपडलें, त्याच्या प्रती निघाल्या, सभा झाल्या, निषेध झाले. त्या बाईंनीं क्षमा मागितली व त्या परत गेल्या. त्यांच्या मनांत दुष्टावा नव्हता. जें दिसलें तें लिहिलें, एवढेंच. पण कोणी कोणाकडे पाहिलें, आणि कोणाला सांगितलें, हेंच त्या विद्यार्थ्यांना झोंबलें. आणि तें झोंबणें रास्त होतें असें आम्हांस वाटतें.

असें वाटण्यास कारण आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, नवी पदवी खिशांत घालून आम्ही डोंगरांतील एका लहान गांवीं शिक्षक म्हणून गेलों. तें गांव काहीं परदेश नव्हे, भाषा आमचीच. पहिल्याच आठवड्यांत आम्हीं थोरल्या बहिणीला कार्ड लिहिलें: दिवे नाहींत, लोक अडाणी, पाणी तर असें गढूळ कीं जनावरानेंही पिऊं नये. कार्ड टाकावयास दिलें तें आमच्या घरीं रोज पाण्याच्या दोन घागरी आणून देणाऱ्या बाईच्या मुलाजवळ. मुलगा चौथींत होता. त्याला वाचतां येतें कीं नाहीं याची परीक्षा आम्हींच दोन दिवसांपूर्वीं घेतली होती व शाबासकीही दिली होती! दुसऱ्या दिवशीं बाई नेहमीप्रमाणें आल्या. घागरी उतरविल्या, पदरानें तोंड पुसलें आणि खालीं पाहून म्हणाल्या, "गुरुजी, आज दोनदां गाळून आनलंय." याहून अधिक त्या कधींही बोलल्या नाहींत. त्या गांवीं आम्ही पुढें चार वर्षें होतों. त्या पाण्याचा घोंट घेतांना पहिले कांहीं महिने आम्हांस मान वर करवत नसे.

घानांतील नारूचें पुढें काय झालें तें सांगून टाकूं. १९८९ सालीं गांवोगांव फिरून मोजणी झाली तेव्हां त्या एका देशांत सुमारें १,८०,००० रोगी निघाले. २०१० च्या मे महिन्यांत शेवटचा रोगी आढळला आणि २०१५ सालीं देश नारूमुक्त ठरला. सगळ्या जगांत १९८६ सालीं या रोगाचे अजमासें ३५ लक्ष रोगी होते. २०२३ सालीं ते १४ भरले. हें श्रेय परदेशी स्वयंसेवकांचें नव्हे. ते मूठभर होते, आणि दोन वर्षें पुरीं होतांच निघून जात. नुकती कोठें भाषा वळूं लागली, एखाद्या घरानें आपल्या भाषेंतलें नांव ठेवलें, कीं पेटी बांधण्याची वेळ येई. २०२० च्या मार्चांत महामारीमुळें जगभरच्या सुमारें सात हजार स्वयंसेवकांना एकदमच परत बोलावण्यांत आलें, तेव्हां तर पुष्कळांना निरोप घेण्यासही सवड मिळाली नाहीं. गांवांत राहिले ते गांवचेच लोक. महिनोन्‌महिने घरोघर फडकीं तपासणाऱ्या तेथील स्त्रिया, तळ्यावर उन्हांत बसणारे राखणदार, काडीला वेढे देणारे शेतकरी, यांनीं तो रोग घालविला. मग परक्याचा उपयोग काय? आमच्या मतें एवढाच कीं, ज्या फडक्याची किंमत चार पैसे, त्याच्यासाठीं कोणी समुद्रापलीकडून येऊन, हिंवताप सोसून, दोन वर्षें आपल्याच तळ्याचें पाणी पितो, ही गोष्ट गांवाला विचार करावयास लावी. बरणींतले ठिपके मग त्याला दाखवितां येत.

आपल्या देशांत १९९६ सालीं राजस्थानांत नारूचा शेवटचा रोगी सांपडला व २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. महाराष्ट्रांतही हा रोग पूर्वीं होता. वर्गांत आम्हीं मुलांना सांगितलें कीं घरच्या वडीलधाऱ्यांना याविषयीं विचारून यावें. बहुतेकांच्या घरीं कोणाला कांहीं आठवेना. ज्यानें प्रथम प्रश्न विचारला होता तो मात्र शनिवारीं आपल्या आजोबांनाच शाळेंत घेऊन आला. त्यांनीं खुर्चीवर बसून धोतर जरा वर घेतलें आणि घोट्याच्या वर असलेला एक वाटोळा, पांढुरका व्रण दाखविला. मुलें भोंवतीं जमलीं. एका मुलीनें विचारलें, "आजोबा, बाहेर यायला किती दिवस लागले?"

"दीड महिना," ते म्हणाले. "त्या साली आमची पेरणी शेजाऱ्यानं केली."